मोठ्या संघटनेत नवे घडवण्याची क्षमता : महाराष्ट्राच्या प्रशासनातील ‘पॅटर्न’चा आढावा

मोठ्या संघटनेत एखादी नवी कल्पना निघणे वेगळे आणि नवे घडवत राहण्याची क्षमता तिच्या अंगी येणे वेगळे. कल्पना एका माणसाला सुचते. क्षमतेसाठी पैसा, अधिकार, माहिती, चूक सोसण्याची तयारी आणि न चाललेले बंद करण्याची रीत यांची कायमची सोय लागते. ही सोय संघटनेचा प्रमुख कशी करू शकतो, यावर गेली साठ वर्षे जगभर लिहिले जात आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर ज्या संघटनेपुढे उभा आहे ती म्हणजे राज्याचे प्रशासन. ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके असलेली ही यंत्रणा मंत्रालयापासून तलाठी सज्जापर्यंत पसरली आहे.

बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या तालुक्यात ही यंत्रणा लोकांना भेटते ती तहसील कार्यालय, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कृषी सहायक यांच्या रूपाने. आष्टी तालुका कोरडवाहू आणि अवर्षणप्रवण आहे. पाऊस दगा देतो आणि दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. जिल्ह्याचे ठिकाण बीड असले, तरी बाजार आणि दवाखान्यासाठी लोकांची वाट बहुधा नगरकडे जाते. शाळा, लसीकरण आणि पीकविमा यांचे नियम मात्र वर्षभर एका जागी राहणारा माणूस गृहीत धरून लिहिलेले असतात. नियम आणि जगणे यांच्यातील हे अंतर भरून काढण्याची निकड अशा तालुक्यांत सर्वांत आधी भासते. म्हणूनच प्रशासनातील अनेक नवोपक्रमांचा संबंध नगर आणि बीड या शेजारी जिल्ह्यांशी आहे.

प्रश्नाचा उगम

व्यवस्थापनशास्त्रात या चर्चेची एक सुरुवात टॉम बर्न्स आणि जी. एम. स्टॉकर यांच्या १९६१ च्या ग्रंथापासून मानली जाते. परिस्थिती स्थिर असते तेव्हा उतरंडीची, ठरावीक कामांची रचना उपयोगी पडते आणि परिस्थिती बदलती असते तेव्हा सैल, आडव्या संवादाची रचना, असे त्यांनी मांडले. १९९१ मध्ये जेम्स मार्च यांनी अडचणीचे मूळ आणखी नेमके दाखवले. जे येते ते वापरणे आणि जे येत नाही ते शोधणे, या दोन्ही कामांना एकच पैसा आणि तीच माणसे लागतात. वापराचे फळ जवळचे आणि खात्रीचे असते, शोधाचे दूरचे आणि अनिश्चित. त्यामुळे संघटनेला तिच्या मर्जीवर सोडले, तर ती शोध आखडता घेत जाते. वसुलीचे उद्दिष्ट, निवडणुकीचे काम, टंचाई आराखडा आणि पंचनामे यांत बुडालेल्या तहसील कार्यालयाचे वर्णन यापेक्षा अचूक होणे कठीण आहे.

महाराष्ट्रात या चर्चेला रचनेचा पाया मिळाला तो १ मे १९६२ रोजी, जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा. शाळा, आरोग्य, लघुपाटबंधारे असे विषय जिल्ह्याकडे आले आणि स्थानिक प्रयोगाला निदान कागदोपत्री जागा झाली. त्यानंतरच्या साठ वर्षांत राज्याने नावाजलेले उपक्रम शेकड्यांनी पाहिले. गाजलेल्या उपक्रमाला गावाचे, जिल्ह्याचे किंवा अधिकाऱ्याचे नाव देऊन त्याला ‘पॅटर्न’ म्हणण्याची रीतही पडली. कल्पनांचा दुष्काळ कधीच नव्हता. मतभेद आहेत ते या कल्पना टिकवणारी आणि पुढच्या कल्पना जन्माला घालणारी ताकद कशातून येते, याबद्दल.

पहिली भूमिका : प्रमुखाच्या पुढाकाराने बदल घडतो

या भूमिकेचा सर्वांत भक्कम दाखला नगरचा. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखीना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामाची घडी नव्याने बसवली. वर्षानुवर्षे साचलेले दप्तर बाहेर काढून त्याचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण झाले. कायम ठेवायचे, ठरावीक वर्षे ठेवायचे आणि लवकर नष्ट करायचे कागद वेगळे केले गेले. कोणत्या टेबलावर कोणते काम चालते हे लिहून ठेवले गेले आणि बसण्याची व्यवस्थाही कामाच्या ओघाप्रमाणे बदलली. प्रलंबित, प्रतीक्षेतील, नियतकालिक, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे अशी कागदांची विभागणी करणारी सहा गठ्ठ्यांची पद्धतही याच परंपरेशी जोडली जाते. पुढे हे सारे ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेले.

या पॅटर्नची थोरवी त्याच्या साधेपणात आहे. नवे यंत्र लागले नाही, वाढीव पदे लागली नाहीत. कागद सापडू लागला की कारकुनाचा वेळ वाचतो आणि नागरिकाची खेप वाचते, एवढ्या एका सूत्रावर सगळी रचना उभी होती. वरिष्ठाने स्वतः दप्तरात हात घातल्याशिवाय हे घडले नसते, हा या भूमिकेच्या समर्थकांचा मुद्दा रास्त आहे.

आक्षेप येतो तो पुढच्या इतिहासातून. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम सुरू केली तेव्हा तिची पहिली पायरी पुन्हा दप्तर लावण्याचीच होती. २०२५ च्या आरंभी राज्य सरकारने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम हाती घेतला, त्यातही जुने अभिलेख निकाली काढणे हा एक भाग होता. चाळीस वर्षांत तेच काम तीनदा करावे लागले. प्रत्येक वेळी ते प्रामाणिकपणे झाले. तरीही प्रमुखाची नजर हटल्यावर गठ्ठे पुन्हा वाढतात, हे यातून दिसते.

बीडमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. २०१३ मध्ये, भर दुष्काळात, जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांची बदली झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. एका अधिकाऱ्यावरचा हा विश्वास दुर्मीळ आणि आदराचा आहे. त्या आंदोलनामागे मात्र अधिकारी गेला की कामही जाईल अशी भीती होती आणि ती निराधार म्हणता येत नाही.

दुसरी भूमिका : नियमात उतरलेले तेच टिकते

रोजगार हमी योजना हा या बाजूचा मुख्य आधार. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे छोटा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर विस्तारली. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावून तिला स्वतंत्र उत्पन्न मिळवून देण्यात आले, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेरोजगार भत्ता, ही तरतूद त्यात होती. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यावर या अनुभवाची छाप पडली.

हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. प्रयोग लहान जागी झाला, संकटाने त्याला विस्तार दिला, कराने पैसा दिला आणि कायद्याने मजुराच्या हाती हक्क दिला. शेवटची पायरी निर्णायक ठरली. योजना चालू राहावी यासाठी कोणत्याही अधिकाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही, कारण काम मागणारा स्वतःच यंत्रणेला हलवू शकत होता. माहितीच्या अधिकाराबाबतही असेच घडले. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा त्यात मोठा वाटा होता. राज्याचा प्रभावी कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेची मुदत ठरवून दिली.

या मार्गाची किंमतही आहे. कायदा झाला की दरपत्रके, मोजमापे आणि नमुने येतात आणि जे लवचीक होते ते ताठर होते. रोजगार हमीच्या कामांतून निघालेल्या पाझर तलावांचा व बंधाऱ्यांचा दर्जा, मजुरी मिळायला लागणारा वेळ आणि कामांच्या ठरीव याद्या यांवर दीर्घकाळ टीका होत आली आहे. एका नवोपक्रमाचे रक्षण करणारा नियम दुसऱ्या नवोपक्रमाच्या वाटेत उभा राहतो, या अडचणीचे समाधानकारक उत्तर या बाजूकडे अजून नाही.

तिसरी भूमिका : तळाच्या कर्मचाऱ्याला मोकळीक

जपानी कारखान्यांतील कामगारांच्या रोजच्या सुधारणांचा अनुभव आणि एमी एडमंडसन यांचे १९९९ चे संशोधन या भूमिकेच्या मुळाशी आहे. चूक बोलून दाखवली तर अपमान होणार नाही, अशी खात्री असलेला गट अधिक शिकतो, असे त्यांच्या अभ्यासात दिसले.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी बीटमधील जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. फरशीवर आखणी, हाताळायचे साहित्य आणि मुलाच्या गतीने शिकणे ही त्या वर्गांची ओळख. राज्यभरातून शिक्षकांचे जथे हे वर्ग पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयामागे अशा शाळांची प्रेरणा होती. तत्कालीन शिक्षण सचिव नंदकुमार यांनी नमुना वरून लादण्याऐवजी शिक्षकांना एकमेकांच्या शाळा पाहायला पाठवण्यावर भर दिला.

पण पद्धत पसरू लागली तशी अनेक ठिकाणी फरशीवरची आखणी पोचली आणि तिच्यामागचा विचार मागे राहिला. पाहून आलेल्या शिक्षकाला घरी परतल्यावर विचारांचा सोबती लागतो, केंद्रप्रमुख समजूतदार लागतो आणि अशैक्षणिक कामांतून सुटका लागते. कोहेन आणि लेव्हिंथल यांनी १९९० मध्ये दाखवले होते की बाहेरचे ज्ञान आत्मसात करायलाही आधीचे ज्ञान लागते. कुमठ्याहून परतलेल्या शिक्षकांचा अनुभव याला पुष्टी देतो.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण हे या चर्चेतील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार पट्ट्याचे स्वतःचे प्रकरण आहे. आधी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या आणि स्वयंसेवी संस्थांनी त्या कष्टाने चालवल्या. तोडीच्या काळात मुले फडावर कामालाही जातात, टोळी जागा बदलते आणि गावच्या शाळेतील नाव नावापुरते उरते, हे लक्षात आल्यावर भर हंगामी वसतिगृहांकडे वळला. आईवडील बाहेर असताना मूल गावातच राहते, तिथेच जेवते आणि शाळेत जाते. शाळा व्यवस्थापन समिती आणि गावातील शिक्षक यांच्यावर या व्यवस्थेचा भार असतो. एक उपाय आजमावून, त्याच्या मर्यादा ओळखून दुसरीकडे वळण्याचे हे प्रशासनातील चांगले उदाहरण आहे. मात्र वसतिगृहाची मंजुरी हंगामाच्या वेळापत्रकाशी जुळली नाही, तर मुले आईवडिलांबरोबर निघून गेलेली असतात. तळाच्या मोकळिकीला वरून वेळेवर पैसा लागतो, ही या भूमिकेची अपुरी बाजू.

चौथी भूमिका : नव्यासाठी वेगळी जागा, वेगळा पैसा

मायकेल टशमन आणि चार्ल्स ओ’रायली यांनी १९९६ पासून असे मांडले की रोजचे काम आणि नवा शोध वेगळ्या गटांकडे द्यावा आणि दोघांचा दुवा वरिष्ठ नेतृत्वाने राखावा. हा दुवा तुटला तर काय होते, हे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील केंद्राने दाखवले. तिथे १९७३ मध्ये आल्टो संगणक तयार झाला आणि त्यातील कल्पनांचा मोठा लाभ दुसऱ्या कंपन्यांनी घेतला.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे. डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात तिचे संचालक होते. अपयशाची शक्यता फार मोठी असलेल्या धाडसी कल्पनांसाठी त्यांनी अंदाजपत्रकातील छोटा हिस्सा वेगळा काढला. १९९५ पासून वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक म्हणून त्यांनी हाच विचार देशभरातील प्रयोगशाळांपर्यंत नेला आणि पेटंटला संघटनेच्या कामगिरीचे एक माप बनवले. परिषदेच्या अमेरिकी पेटंटांची संख्या त्या काळात झपाट्याने वाढली. पेटंट मोजणे म्हणजे उपयोग मोजणे नव्हे, ही टीकाही तेव्हापासून होत आहे. तरी सरकारी चौकटीत राहून अपयशासाठी अधिकृतपणे पैसा राखून ठेवता येतो हे यातून सिद्ध झाले आणि त्याचे मोल मोठे आहे.

प्रशासनात या धर्तीचे प्रयत्न विखुरलेले आहेत. तेराव्या वित्त आयोगाने प्रत्येक जिल्ह्याला नवोपक्रम निधी म्हणून १ कोटी रुपयांची शिफारस केली होती. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी ठरावीक हिस्सा असतो. २०१८ मध्ये राज्य नाविन्यता सोसायटी स्थापन झाली आणि निवडक नवउद्योगांना शासकीय विभागांत प्रयोगासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश मिळू लागले. अडचण अशी की नावीन्याच्या शीर्षाखालील पैशातून अनेकदा नेहमीचीच खरेदी होते आणि प्रयोग फसला तर काय शिकलो याची नोंद क्वचितच राहते.

स्पर्धेचा मार्गही याच कुळातला. २००० मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि २०१६ मध्ये सुरू झालेली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा, जिच्यात पहिल्या वर्षी बीडमधील अंबाजोगाई तालुकाही सहभागी होता, यांनी गावेच्या गावे कामाला लावली. बक्षीस वाटल्यानंतरच्या वर्षांत काय उरते, हा प्रश्न दोन्हींना लागू आहे.

‘बीड पॅटर्न’ : एक सविस्तर दाखला

२०२० च्या खरिपात पीकविम्यासाठी बीड जिल्ह्यात कोणतीही कंपनी पुढे येईना. सततच्या दुष्काळामुळे भरपाईचा भार मोठा आणि निविदेला प्रतिसाद नाही, अशी कोंडी होती. अखेर भारतीय कृषी विमा कंपनीने वेगळ्या सूत्रावर काम स्वीकारले. समजा जमा हप्ता १०० कोटी रुपये आहे. भरपाई ६० कोटी झाली तर कंपनीने २० कोटी स्वतःकडे ठेवायचे आणि उरलेले २० कोटी सरकारला परत करायचे. भरपाई १०५ कोटी झाली तर ती कंपनीने सोसायची. १३० कोटी झाली तर कंपनीची जबाबदारी ११० कोटींवर थांबते आणि वरचे २० कोटी सरकार भरते. ८०:११० म्हणून ओळखले जाणारे हे सूत्र २०२२ च्या खरिपापासून राज्यभर लागू झाले.

या उपक्रमामागे कोणताही नवोपक्रम कक्ष नव्हता, स्पर्धा नव्हती आणि एका अधिकाऱ्याचे नावही त्याला चिकटले नाही. जुनी वाट बंद पडल्यावर जिल्हा, कृषी विभाग, केंद्र आणि विमा कंपनी यांनी मिळून नवी वाट काढली. बदल करारातच उतरल्यामुळे बदल्यांनी तो पुसला गेला नाही. वरच्या चारही भूमिकांच्या समर्थकांनी या प्रकरणाकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

त्याच वेळी त्याची मर्यादाही मोठी आहे. सूत्राने कंपनी आणि सरकार यांच्यातील जोखमीची वाटणी बदलली. आष्टीच्या शेतकऱ्याचे नुकसान मोजण्याची पद्धत मात्र तीच राहिली. महसूल मंडळाच्या पातळीवरचे पीक कापणी प्रयोग, ७२ तासांत नुकसानीची सूचना देण्याची अट आणि उंबरठा उत्पन्नाचे गणित यांत फरक पडला नाही. पहिल्याच हंगामात बीडमधील भरपाई जमा हप्त्याच्या तुलनेत अगदी कमी निघाली आणि शिल्लक सरकारकडे परतली. तिजोरीच्या दृष्टीने हे यश होते. शिल्लक शेतकऱ्याच्या उपयोगी का येऊ नये, हा शेतकऱ्यांच्या बाजूने विचारला गेलेला प्रश्न उघडाच राहिला. नवोपक्रम कोणाच्या हिशेबाने यशस्वी धरायचा, याचा निर्णय आधी झाला नाही तर क्षमतेची चर्चा अर्धवट राहते.

जे अजून सुटलेले नाही

कार्यकाळाचा मुद्दा यांतला पहिला. २००५ च्या बदली नियमन कायद्याने साधारण तीन वर्षांचा कालावधी ठरवून दिला. अपवादाची वाटही त्यातच आहे आणि ती सर्रास वापरली जाते. दीर्घ कार्यकाळाने नवोपक्रम टिकतात की फक्त व्यक्तीवरचे अवलंबित्व वाढते, याबद्दल एकमत नाही.

त्याहून खोल प्रश्न भीतीचा आहे. नियम पाळून अपयशी ठरलेल्या अधिकाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. नियम वाकवून यशस्वी झालेल्याला लेखापरीक्षणाचा आक्षेप आणि निवृत्तीनंतरची चौकशी भोवू शकते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने निर्णयांच्या चौकशीसाठी पूर्वमंजुरीची अट घातली. प्रामाणिक अधिकाऱ्याला यामुळे संरक्षण मिळाले असे काही म्हणतात, तर अप्रामाणिकालाही मिळाले असे इतर. तलाठी, ग्रामसेवक किंवा शिक्षक यांच्यापर्यंत या संरक्षणाची ऊब पोचल्याचे दिसत नाही.

सत्तांतराचा प्रश्न जलयुक्त शिवार अभियानात दिसला. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले अभियान २०१९ नंतर थांबले, महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२० मध्ये त्यातील उणिवा दाखवल्या आणि सत्ता बदलल्यावर २०२३ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. भूजलाच्या दृष्टीने काय साधले आणि काय फसले, याचा शांतपणे निवाडा व्हायला दोन्ही वेळा अवकाश मिळाला नाही.

तंत्रज्ञानाने काही प्रश्न सोपे केले आणि काही सरकवले. १५ ऑगस्ट २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीने पिकाची नोंद शेतकऱ्याच्या हाती दिली. ज्या शिवारात नेटवर्क नाही आणि ज्या घरात धडधाकट माणसे ऊसतोडीला गेली आहेत, तिथे ती नोंद कोणी करायची, हे ठरवण्याचा अधिकार मात्र तालुक्याकडे पुरेसा आलेला नाही.

उपलब्ध पुराव्याचा कल एका बाजूला झुकतो. ज्या प्रमुखांनी खालच्या पदाला लेखी अधिकार दिला, पैशाची नियमित वाट करून दिली आणि लाभार्थ्याला जाब विचारण्याचा हक्क दिला, त्यांचे काम त्यांच्यानंतर टिकले. केवळ स्वतःच्या देखरेखीवर चालवलेले काम बहुधा त्यांच्याबरोबर ओसरले. हा निष्कर्ष पक्का करायला लागणारी माहिती मात्र सरकारी कपाटांतच पडून आहे. ज्या उपक्रमाला राज्याने ‘पॅटर्न’ म्हणून गौरवले, त्याचे मूळ अधिकारी बदलून गेल्यावर तीन वर्षांनी स्वतंत्र मूल्यमापन व्हावे आणि ते तालुकानिहाय आकड्यांसह मराठीत प्रसिद्ध व्हावे. बीडच्या पीकविम्यापासून याची सुरुवात करता येईल.